दहा तारखेच्या आत

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत सगळे आपापल्या सरांवर आणि बाईंवर लिहिणार, हे उघड आहे. मी ज्यांच्याविषयी लिहितोय ते शाळेत शिकवायला नव्हते. ते आपल्याच शाळेचे माजी विद्यार्थी आणि एका सहकारी बँकेच्या शाखेचे मॅनेजर. अख्खं गाव त्यांना मॅनेजर अंकल म्हणायचं. नाव छापू नका, असं घरच्यांनी सांगितलंय. त्यांनाही ते रुचलं नसतं.

आमच्या वेळी शाळेत संचयिका होती. मुलांनीच चालवायची बचत बँक. मॅनेजर मुलगा, कॅशियर मुलगा, खातेदारही मुलंच. कुणी पन्नास पैसे भरायचं, कुणी रुपया. खाऊचे पैसे, नाताळाला आजीनं हातावर ठेवलेली नोट, सगळं त्यात. हेडमास्तरांनी अंकलना देखरेखीला बोलावलं. ते आले आणि पहिल्याच दिवशी आम्हाला नोटा मोजायला लावल्या. ओल्या स्पंजवर बोट टेकवायचं, नोटेचा कोपरा उचलायचा, तोंडानं आकडा म्हणायचा नाही. मोजून झालं की पुन्हा उलट बाजूनं मोजायचं. संध्याकाळी रोख जुळली नाही तर कोणी घरी जायचं नाही. एकदा दहा पैसे कमी भरले. आमचा कॅशियर खिशातून दहा पैसे काढून टाकायला लागला, तर अंकलनी त्याचा हात धरला. "खिशातून भरलेस तर चूक सापडणार कशी?" मग सगळी पानं पुन्हा तपासली. एका पासबुकात पंचवीसचे पस्तीस झाले होते.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "दहा तारखेच्या आत भरा." त्या काळी बचत खात्यावरचं व्याज महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर मिळायचं. अकराव्या दिवशी पैसे भरले तर त्या महिन्याचं व्याज गेलं. रोजच्या शिलकीवर व्याज देण्याचा नियम थेट २०१० साली आला. आठवीतल्या पोरांना हे कोण सांगतं? त्यांनी सांगितलं, आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं. तेव्हापासून केळीचे पैसे हातात आले की आई आधी बँकेची वाट धरायची.

वसईत बँक आणि देऊळ, म्हणजे आमचं चर्च, हे नातं जुनं. पापडीला १९१८ साली मॉन्सेनियर (ज्येष्ठ धर्मगुरू) पी. जे. मोनीस यांनी पतपेढी काढली, तीच पुढे बसीन कॅथलिक बँक झाली. वाडीवाल्या बागायतदाराला सावकाराच्या दारात जावं लागू नये, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्यामागे जर्मनीतल्या राइफायझन यांच्या पतसंस्थांचा नमुना होता. ते गावाचा कारभार पाहणारे, देवभीरू गृहस्थ. शेजारी शेजाऱ्याला जामीन राहील आणि म्हणूनच कर्ज फिटेल, हे त्यांनी ओळखलं. अंकल आम्हाला हे गोष्टीसारखं सांगायचे, पण शेवटी एक पुस्ती जोडायचे: "जामीनदार म्हणजे शोभेची सही नव्हे."

हे त्यांनी स्वतःच्या बाबतीतही पाळलं. फादरांची शिफारसचिठ्ठी घेऊन कोणी कर्जाला आलं तर ती चिठ्ठी ते आदरानं फाइलला लावायचे आणि दोन जामीनदार आणायला सांगायचे. सख्ख्या चुलतभावालाही तेच. त्यावरून घरात महिनोन्‌महिने अबोला होता म्हणतात. गावात काही लोक त्यांना कडक म्हणायचे, काही त्याहून वाईट बोलायचे. माझं मत वेगळं आहे. सहकारी बँकेत एकाचं थकलेलं कर्ज ही दुसऱ्या कुणाची तरी ठेव असते. बहुतेक वेळा ती एखाद्या फुलं विकणाऱ्या बाईची असते, जी पहाटेच्या लोकलनं टोपली घेऊन दादरला जाते. वर्गणी काढणारे गावात पुष्कळ असतात. वसुली करणारा आणि तरीही ज्याच्या घरी लोक मुलाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन येतात, असा माणूस मी एकच पाहिला.

त्यांची वसुलीची तऱ्हा निराळी होती. संध्याकाळी सायकलवरून जायचे, ओट्यावर बसायचे, विहिरीच्या पाण्याची, पंपाची, पानवेलीची चौकशी करायचे. मुलांसमोर कर्जाचा शब्द नाही. निघताना घरधन्याला फाटकापर्यंत बोलावून घ्यायचे, तेवढंच. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्यावर देवळाच्या अंगणात एकानं हप्ता त्यांच्या हातात द्यायला काढला, तर "उद्या काउंटरवर, पावती मिळेल" म्हणून परत केला.

धर्मग्रामाचा, म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीचा, हिशेबही तेच पाहायचे. १९८३ च्या नव्या चर्च कायद्यानं प्रत्येक धर्मग्रामाला वित्त समिती सक्तीची केली. आपल्याकडे तिची बैठक आमच्या संचयिकेसारखीच चालायची: दानपेटी दोघांनी मिळून उघडायची, नाण्यांच्या चळती लावायच्या, कागदावर दोघांच्या सह्या.

माझे वडील त्यांच्याबरोबर सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी या कॅथलिक सेवासंस्थेत होते. गरिबांच्या घरी जोडीनं जायचं, हा तिथला रिवाज. सभा संपताना एक कापडी पिशवी फिरते, प्रत्येक जण मूठ आत घालतो, कोणी किती टाकले ते कुणाला कळत नाही. बाबांनी पुढे मला एक गोष्ट सांगितली. कोणाचं खातं रिकामं झालंय, कोणाचे दागिने तारण पडलेत, हे अंकलना बँकेतून ठाऊक असायचं. पण सभेत ते स्वतःहून त्या घरांची नावं कधीच काढायचे नाहीत. बँकेत कळलेलं बँकेत. दुसऱ्या कुणी ते नाव काढेपर्यंत थांबायचे. काढलं की लगेच म्हणायचे, "चला, जाऊन बघू या." बाबांना हे थांबणं पटायचं नाही. त्यावरून दोघांचे वाद व्हायचे. मी अजूनही ठरवू शकलेलो नाही, कोणाचं बरोबर.

२००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा ही सहकारी बँक कोसळली तेव्हा अंकल निवृत्त झालेले होते. तरी आजीबाया पासबुकं घेऊन त्यांच्या ओट्यावर. "आमचे पैसे सुरक्षित ना?" त्यांनी कुणालाही नुसतं हो म्हटलं नाही. तेव्हा ठेवींना एक लाखापर्यंत विमा होता, तेवढं सांगितलं, आणि बँकेचा छापील अहवाल मागवून घेतला. थकबाकी कुठे लिहितात, राखीव निधी कुठे, हे त्या लाल लुगड्यातल्या बायकांना बोट ठेवून दाखवलं. त्यातली एक जण पुढच्या वार्षिक सभेत उठली आणि तिनं थकबाकीवर प्रश्न विचारला. सभागृह हसलं. उत्तर मात्र द्यावं लागलं.

संचयिकेची पासबुकं कुणाकडे उरली असतील तर शाळेच्या ऑफिसात आणून द्या. प्रदर्शनात एक टेबल मोकळं ठेवलंय.