उंच चाकावरून उतरताना

व्हिक्टोरियाकालीन सायकल म्हटले की पुढे प्रचंड आणि मागे चिमुकले चाक असलेले ते यान डोळ्यांपुढे येते. त्याचा आकार ही निव्वळ हौस नव्हती. पॅडल्स थेट पुढच्या चाकालाच जोडलेली असल्याने चाक जितके मोठे, तितके एका फेऱ्यात अंतर जास्त कापले जाई. मात्र तोंडावर पडण्याची भीती कायम असे, आणि लांब घागरे घालणाऱ्या स्त्रियांना तर त्यावर बसणे जवळजवळ अशक्यच होते.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी साखळीने मागचे चाक फिरवणारी 'रोव्हर' आणली, १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि सायकल खऱ्या अर्थाने सर्वांची होऊ लागली.

मला या इतिहासात सर्वाधिक जवळची वाटते ती लेडी हार्बरटन यांची हकिकत. स्त्रियांच्या सुटसुटीत पोशाखाचा पुरस्कार करणाऱ्या या बाई १८९८ मध्ये ढगळ विजार घालून सायकलवरून सरे परगण्यातील ऑकहॅमच्या 'हॉटबॉय' हॉटेलात पोहोचल्या, तेव्हा मालकिणीने त्यांना कॉफीच्या दालनात बसू दिले नाही, मद्यगृहाच्या बाजूची खोली तेवढी देऊ केली. सायकलस्वारांच्या 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' या संघटनेने हा प्रश्न आपला मानून १८९९ मध्ये खटला चालवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यूरीने मालकिणीला निर्दोष ठरवले. तरीही एका स्त्रीच्या विजारीची चर्चा साऱ्या इंग्लंडच्या वृत्तपत्रांत झाली.