आर्द्रा नक्षत्र आणि खताचा ढीग

आर्द्रा लागल्यापासून झड थांबलेली नाही. अशा दिवसांत ढिगाची तब्येत आधी नाकाला कळते. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर आत पाणी साचून हवा संपली आहे. नाकाला झोंबणारा, अमोनियाचा वास असेल तर ओलं जास्त आणि सुकं कमी पडलं आहे. औषध दोन्हींना एकच, सुका पाला. पण पहिल्या दुखण्यात तो नुसता वर टाकून भागत नाही, ढीग तळापासून उलथून मोकळा करावा लागतो.

म्हणून पावसाळ्यातलं खत खरं तर फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत ठरतं. त्याच दिवसांत आवारातला पाला झाडून जाळला जातो, ते बघून जीव तुटतो. चौघांच्या घराला पावसाळ्याचे चार महिने निभावायला दाबून भरलेल्या सहा-सात गोण्या तरी हव्यात. गुलमोहर, शिरीष यांची बारीक पानं लवकर कुजतात. आंब्याचं पान चिवट, ते चुरून किंवा बारीक करूनच टाकावं.

प्रमाण बादलीने मोजावं: एक बादली ओला कचरा, दोन बादल्या पाला. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे पंचवीस-तीस भाग लागतात, ते या मापात साधारण जमून येतं. खाली फांद्या-काटक्यांचा अर्धा फूट थर हवा, म्हणजे तळातून हवा खेळते. वर कायम तीन बोटं पाला, म्हणजे चिलटं येत नाहीत. विरजण म्हणून जुनं खत मूठभर पुरतं. गूळ, ताक यांचं पाणी ओतलंच पाहिजे असं मुळीच नाही, आणि पावसाळ्यात तर नकोच. राख किंवा चुना घालू नये, त्याने नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

ओल बघायला मधलं खत मुठीत घट्ट आवळावं. बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला तर बरोबर. पाणी ओघळलं तर पाला घाला, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी शिंपडा. उन्हाळ्यात मुंग्या लागल्या की ढीग कोरडा पडला म्हणून समजावं.

इंदूरला 1924 ते 1931 या काळात शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी खत कुजवायची जी पद्धत बसवली, तिच्यातही पावसाळ्यात खड्डे सोडून जमिनीवर ढीग रचत. खड्ड्यात पाणी तुंबतं, हे साधं कारण. ढिगावर प्लॅस्टिक गुंडाळलं तर पाणी अडतं, पण हवाही अडते. उतरता पत्रा, ढिगापासून वीतभर वर, हेच चांगलं.

ढीग तापायचा तर लांबी, रुंदी, उंची तीन-तीन फूट हवी. लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढावी. हातात धरवत नसेल तर आत पंचावन्न अंशांच्या आसपास ऊब आहे. ती उतरली की पालटायचं, कडेचं आत आणि आतलं कडेला. एका घराच्या कचऱ्याचा ढीग सहसा एवढा तापत नाही, सावकाश कुजतो. त्यात बिघडत काही नाही, फक्त रोगट पानं आणि बी धरलेलं तण त्यात टाकू नये.

पालटताना पांढऱ्या, जाडजूड अळ्या दिसल्या की लोक घाबरून मारतात. एखादी फरशीवर ठेवून बघा. पाठीवर उताणी होऊन सरपटू लागली तर ती कुजकं खाणारी, कामाची अळी; परत ढिगात सोडा. पायांवर चालू पाहणारी, मुळं खाणारी हुमणी असू शकते, ती कुंडीत जाता कामा नये.

खत चाळताना उरलेली नारळाची शेंडी, काटक्या, आंब्याच्या कोयी नव्या ढिगाच्या तळाला घालाव्यात.