तुम्ही विचारलंत म्हणून: आमची ठासणीची आणि जवानाची रायफल

आमच्याकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाहुणा आला की हा प्रश्न ठरलेला. कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, रानडुकरं आणि माकडं धुडगूस घालतात, त्यामुळे परवान्याची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून ठासून भरायची, बंदूक बऱ्याच घरांत असते, आमच्याकडेही आहे, आणि निवडणूक आली की ती पोलीस स्टेशनात जमा करा, निकाल लागला की परत आणा हा एक वेगळाच सोहळा असतो. तर ती भिंतीवरची बंदूक बघून कोणी ना कोणी विचारतंच, काय हो, ही आणि सैन्यातली रायफल, फरक फक्त जुन्या-नव्याचाच ना?

नाही. ठासणीची बंदूक काल बनवलेली असली तरी ती रायफल नव्हे. तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा पाडलेल्या असतात, गोळी त्या खाचांत घासत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत जाते, फिरतेय तोवर कलंडत नाही म्हणून सरळ जाते. फरक म्हणाल तर एवढाच, पण याच फरकासाठी सैन्यांनी साडेतीनशे वर्षं वाट पाहिली, आणि खरी मजा तिथंच आहे.

कारण ह्या खाचा काही नवीन नाहीत. जर्मन मुलखातल्या कारागिरांना त्या साधारण १५०० च्या आसपास ठाऊक होत्या, म्हणजे १५१० साली पोर्तुगीज गोव्यात शिरले त्याच सुमाराला. शिकारी लोक त्या वापरायचेही. मग सैनिकांच्या हातात १८५० उजाडेपर्यंत साधी नळीच का? लोकांना वाटतं सेनापती मठ्ठ होते. तसं काही नाही, त्यांचा हिशोब बरोबर होता.

ज्याने ठासणीची कधी भरलीय त्याला हे लगेच कळेल. आधी दारू ओता, मग वर गोळी, मग गजाने ठासा, मग केप, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बसवा (केप यायच्या आधी चकमक होती, त्याआधी तोडा, म्हणजे पेटती वात घेऊन दारूजवळ उभं राहायचं, पावसाळ्यात काय होत असेल ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको). साध्या नळीत गोळी जरा सैलच असते, त्यामुळे ती खाली घसरते आणि तयार शिपाई मिनिटाला तीनेक बार काढतो. रायफलीत मात्र गोळीने खाचा पकडल्या पाहिजेत, म्हणजे ती घट्ट हवी, म्हणजे वरून ठोकत ठोकत न्यायला हवी, त्यात काळ्या दारूची काजळी दोन-चार बारांत नळीत इतकी चढते की पुढची गोळी अर्ध्यावर अडते. समोरून घोडदळ येतंय आणि तुम्ही हातोडी घेऊन गोळी ठोकताय, कोण देईल असली बंदूक सैन्याला? त्यापेक्षा रांगेत उभे राहा आणि एकदम बार काढा, नेम कोणी धरायचाच नाही.

इथे जरा गोव्याचं सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. १५१३ साली गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकेर्कने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून कळवलं होतं की गोव्यातले कारागीर बोहेमियाच्या (आजचा चेक मुलूख) तोडीच्या बंदुका करतात, नळीचं बूड आट्यांच्या स्क्रूने बंद केलेल्या, आणि सोबत इथला एक कारागीरच पाठवून दिला. युरोपातून आलेल्यांनी युरोपच्या राजाला बंदुकीसाठी गोव्याचा माणूस पाठवायचा! पुढे १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या तोड्याच्या बंदुका जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचल्या आणि त्या बंदुकांचं मूळ गोवा-मलाक्का बाजूचंच असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. जपानी तलवारवाल्या लोहाराने नळी हुबेहूब घडवली पण बुडाचा तो स्क्रू काही त्याला जमेना, पुढच्या वर्षी पोर्तुगीज परत आले तेव्हा त्यांच्याकडून शिकून घेतला. पण ह्यातली कुठलीही रायफल नव्हे हां, सगळ्या गुळगुळीत.

मधल्या काळात रायफल होती ती थोड्या निवडक लोकांकडे. नेपोलियनच्या युद्धात इंग्रजांची बेकर रायफल होती, पोर्तुगालच्या कासादोर पलटणींतल्या काही जणांनाही ती मिळाली होती. लपूनछपून अधिकारी टिपणाऱ्यांचं हत्यार ते, सगळ्या पलटणीचं नव्हे.

गाडी पुढे सरकली ती गोळी बदलल्यावर. माझं ठाम मत आहे की रायफल दर खेपेला काडतुसापायी बदलली, नळी मागून फरफटत आली. १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिए नावाच्या कॅप्टनने पुढून निमुळती आणि बुडाला पोकळ अशी गोळी काढली. ती नळीपेक्षा बारीक, सहज खाली घसरते, आणि बार झाला की मागचा वायू पोकळ बुडाला फुगवतो, ते बूड जाऊन खाचांना घट्ट चिकटतं. भरायला साध्या बंदुकीइतकी सोपी आणि नेमाला रायफल. साडेतीनशे वर्षांचा प्रश्न एवढ्याशा खळग्याने सुटला. इंग्रजांनी त्याच तत्त्वावर १८५३ ची एनफिल्ड काढली, .५७७ इंच नळीची.

आणि हीच ती १८५७ ची एनफिल्ड. चरबीची काडतुसं सगळ्यांना शाळेपासून ठाऊक, पण चरबी लागायची कशाला हे फारसं कोणी विचारत नाही. काडतूस म्हणजे कागदाची पुडी, दारू आणि गोळी एकत्र, ती दाताने फोडायची, आणि गोळी खाचांच्या नळीतून अडकल्याशिवाय उतरावी म्हणून तिच्याकडच्या कागदाला वंगण. जुन्या साध्या बंदुकीत एवढी गरज नव्हती. उठावाची कारणं पन्नास होती हे मान्य, पण ठिणगी पडली ती ह्या खाचांपायी. आणि त्यानंतर इंग्रजांनी काय केलं, तर देशी पलटणींना एनफिल्डसारखीच दिसणारी पण आतून गुळगुळीत नळीची बंदूक दिली! पुढेही बरीच वर्षं देशी शिपायाला गोऱ्यापेक्षा एक पिढी मागचंच हत्यार मिळत राहिलं. मला विचाराल तर तंत्रज्ञानाची त्यांना किती किंमत होती हे ह्या एका गोष्टीत दिसतं.

पुढचं भराभर झालं. १८६६ मध्ये क्योनिगग्रेट्झच्या लढाईत प्रशिया ह्या जर्मन राज्याचे शिपाई मागून भरायची ड्रायझे रायफल घेऊन लढले, जमिनीवर आडवं पडून भरता येते ती, आणि समोरचे ऑस्ट्रियन बिचारे उभं राहून गज मारतायत. मग पितळेचं काडतूस आलं. लोकांना वाटतं पितळ म्हणजे नुसता डबा. अहो, बार झाला की ते पितळ फुगतं आणि मागची बाजू सील करतं, वायू तोंडावर येत नाही, दाब गेला की परत आकसतं म्हणून रिकामं टरफल ओढून काढता येतं. हे नसतं तर आजची एकही रायफल चालली नसती. मग १८८४ मध्ये व्हिएय नावाच्या फ्रेंच केमिस्टने बिनधुराची दारू केली, ताकद कितीतरी जास्त, त्यामुळे गोळी लहान करून जोरात फेकता येऊ लागली, १८८६ ची फ्रेंच लेबेल त्यावरच बांधलेली.

पोर्तुगालची तर ह्या धावपळीत फजितीच झाली. १८८५ मध्ये त्यांनी एकेक गोळी भरायची गेदिश रायफल पक्की केली, ऑस्ट्रियाच्या कारखान्यात ऑर्डर दिली, आणि माल हातात यायच्या आत मन बदलून १८८६ मध्ये मॅगझिनवाली क्रोपाचेक घेतली. पडून राहिलेल्या गेदिश पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांनी घेतल्या.

इंग्रजांचंही तेच. आधीच्या ली-मेटफर्डच्या उथळ खाचा नव्या दारूच्या उष्णतेने झिजायला लागल्या, म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डच्या खोल खाचा आल्या, तीच आपली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे .३०३ इंचाची. १९६१ च्या डिसेंबरात आपले जवान गोव्यात आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर हीच होती. पुढच्याच वर्षी चीनच्या सीमेवर तीच घेऊन सेमी-ऑटोमॅटिकवाल्यांसमोर, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या रायफलींसमोर, उभं राहावं लागलं, मग आपल्याकडेही तशीच एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) आली. पोलिसांकडे थ्री-नॉट-थ्री त्यानंतरही कितीतरी वर्षं होती, तिला दोष देऊ नका, चांगली बंदूक आहे, फक्त एक बार झाला की बोल्ट हाताने मागे ओढावा लागतो.

थ्री-नॉट-थ्रीची गोळी साधारण ११ ग्रॅमची, किलोमीटरच्याही पलीकडे जाते. पण जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात पाहिलं की खरी चकमक तीन-चारशे मीटरच्या आतच होते, मग एवढी दारू कशाला? त्यांनी काडतूसच आखूड केलं, धक्का कमी झाला, लागोपाठ बार काढता येऊ लागले, आणि एके-४७ त्याच विचारातून निघाली. अमेरिकेने गोळी आणखी बारीक केली, ५.५६ मिलिमीटरची, चारेक ग्रॅमची, आपल्या सैन्याची इन्सास रायफलही तीच खाते. आणि आता बघा, २०१९ मध्ये आपल्या सैन्याने सिग ७१६ घेतली ती परत ७.६२ ची, मोठी गोळी, आणि अमेठीजवळ कोरव्याला बनणारी एके-२०३ सुद्धा ७.६२, पण आखूड काडतुसाची. सैन्य गोंधळलंय असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही, डोंगरातली लढाई आणि जंगलातली लढाई एकाच काडतुसाने लढायचा हट्ट सोडला, बरंच झालं.

आणि अमेरिकेने २०२२ मध्ये निवडलेली नवी रायफल ६.८ मिलिमीटरची आहे, तिच्या काडतुसाचं बूड पोलादी आणि वरचं अंग पितळी, कारण नुसतं पितळ एवढा दाब सोसत नाही. यावेळीही आधी गोळी ठरली आणि मग तिच्याभोवती काडतूस आणि बंदूक बांधली.