जिप्सीचा पिकअप: खुणा जुळत होत्या, पिस्टन जुळत नव्हता

मंडळी, सापडलं! माझ्या मारुती जिप्सीचा दम का गेला ते शोधण्यात तीन रविवार गेले आणि दोष निघाला बोटाच्या पेराएवढ्या लोखंडाच्या तुकड्यात. क्रँकची चावी, म्हणजे पुली क्रँकशाफ्टवर सरकू नये म्हणून खाचेत बसवलेली पट्टी.

मागच्या वेळचं थोडक्यात सांगतो. टायमिंग बेल्ट (क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारा पट्टा), टेन्शनर, वॉटर पंप, प्लग, एअर फिल्टर असं सगळं एका दमात बदललं होतं, थ्रॉटल बॉडीही धुतली होती. त्यानंतर गाडी पिकअप घेईना. जुन्या कात्रज घाटात जिथे तिसऱ्यावर चढायची, तिथे दुसरा टाकूनही जीव काढायची. तिच्या जी१३बीबी इंजिनचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) कागदावर १०३ एनएम, तोही ४५०० आरपीएमला. खाली मुळातच बेताचा, त्यामुळे त्यातला थोडा गेला तरी लगेच जाणवतं. ४००० च्या वर मात्र बऱ्यापैकी ओढत होती.

फिल्टर काढून चालवली, जुने प्लग परत लावले, काही फरक नाही. ब्रेक चाकांना अडकून राहत नव्हते, चारही चाकं हाताने मोकळी फिरत होती. क्लच घसरत नव्हता. फ्युएल प्रेशर ठीक. चेक इंजिनचा दिवा बंद.

मग व्हॅक्यूम गेज लावलं, म्हणजे इंजिन हवा किती जोराने ओढतं ते पाऱ्याच्या इंचांत दाखवणारं. महागड्या स्कॅनरच्या आधी हे साधं गेज घ्या, असं मी कुणालाही सांगेन. आपलं पुणं साधारण ५६० मीटरवर, म्हणून इथे काटा समुद्रसपाटीपेक्षा दोनेक इंच खालीच राहतो. माझ्या गाडीचा आयडलला १७ असायचा. आता १३, आणि अगदी स्थिर. २५०० आरपीएमवर धरून ठेवला तरी हळूहळू पडत नव्हता, म्हणजे सायलेन्सर तुंबलेला नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरला १५० पीएसआयच्या आसपास. गेल्या वर्षी १७५ होतं. एखादा सिलिंडर कमी असता तर व्हॉल्व्ह किंवा रिंग म्हटलं असतं. चारही सारखेच उतरले म्हणजे व्हॉल्व्ह टायमिंग मागे पडलंय, व्हॉल्व्ह उशिरा उघडमीट करतायत. बेल्ट एक दात चुकला, अशी माझी खात्रीच झाली.

कव्हर उघडलं तर कॅमची खूण जागेवर, क्रँक पुलीची खूणही जागेवर! दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हा पाहिलं. तेच. ठिणगीची वेळ पुलीच्या खुणेवर दाखवणारी टायमिंग लाइट लावली, तीही बरोबर दाखवत होती. त्या संध्याकाळी हत्यारं तशीच टाकून घरात गेलो.

रात्री एक गोष्ट आठवली. बेल्ट बदलल्यावर पहिले दोन दिवस गाडी उत्तम चालली होती, दम तिसऱ्या दिवशी गेला. म्हणजे जोडताना खुणा बरोबरच होत्या आणि नंतर काहीतरी सरकलं. आणि खूण तर पुलीवर असते, क्रँकवर नाही! बाहेरची पुलीही त्याच टायमिंग पुलीवर छोट्या बोल्टांनी बसते, त्यामुळे टायमिंग लाइटही त्याच चुकलेल्या खुणेशी मोजत होती.

सकाळी आईची विणकामाची लांब सुई एक नंबरच्या प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवली. माथ्यावर पिस्टन थोडा वेळ थांबल्यासारखाच असतो, म्हणून नुसत्या डोळ्यांनी टीडीसी, म्हणजे पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक, पकडता येत नाही. सुईवर एक रेघ मारली. चढताना ती रेघ भोकाच्या कडेशी आली तेव्हा पुलीवर खडूची खूण केली, उतरताना परत तिथे आली तेव्हा दुसरी. दोन्हींचा मध्य म्हणजे खरा टीडीसी. पुलीची खूण त्याच्या सुमारे १२ अंश मागे होती. मी अंगणात ओरडलोच.

पुली काढली तर चावी अर्धी चेंबलेली. बेल्ट गाइडची चकती चावीवर तिरकी बसली होती. त्यामुळे टॉर्क रेंच क्लिक झाला तरी बोल्टने पुली घट्ट धरलीच नव्हती. चकती सपाट झाल्यावर बोल्ट सैल पडला आणि सगळा भार एकट्या चावीवर आला. पुढच्या वेळी बोल्ट आवळण्याआधी चकती हाताने फिरवून पाहणार.

नाना पेठेतून नवी पुली, चावी आणि बोल्ट आणले, तिन्ही एमजीपीचे, म्हणजे मारुतीचे अस्सल. डुप्लिकेट चावी निम्म्या भावात मिळत होती. पण ती हातातच सैल वाटली आणि या जागी सैल काही चालत नाही. क्रँकच्या खाचेची एक कड किंचित खाल्ली आहे, तिथे लॉकटाइट ६६० (झिजलेली फट भरून घट्ट धरणारा गोंद) भरून जोडलं. फ्लायव्हीलला अडकण देऊन बोल्ट मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत आवळला, चोवीस तास हात लावला नाही.

आज सकाळी स्टार्ट केली. काटा १७ वर. पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

खाच अजून झिजली तर क्रँक काढून लेथवाल्याकडे पायरीची चावी करून घ्यायची, असं ठरवलं होतं. हे लिहिता लिहिता वेगळंच सुचलं. खरा टीडीसी आत्ता हातात आहे, तर फ्लायव्हीलवरच पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून ठेवतो. फ्लायव्हील क्रँकला थेट बोल्टने बसलेलं, त्यामुळे पुली पुन्हा सरकली तरी ती रेघ हलणार नाही. दर महिन्याला दोन्ही खुणा ताडून पाहिल्या की झालं, कव्हर उघडायलाच नको. उद्या आधी हे काम, मग कात्रज, तिसऱ्या गिअरवर.