ग्लास फ्युजिंग: खिडकीच्या काचेवरची प्रगती

ग्लास फ्युजिंग म्हणजे काचेचे तुकडे भट्टीत तापवून एकजीव करणं. सध्या माझं सगळं काम साध्या फ्लोट काचेवर, म्हणजे खिडकीच्या काचेवर चाललंय. फ्युजिंगची खास रंगीत काच ९० किंवा ९६ अशा प्रसरणाच्या आकड्याची येते, खिडकीची काच साधारण ८२ ते ८५ च्या घरातली. आकडे जुळत नसले तरी भट्टीत दोन्ही काचा झकास चिकटतात. गार होताना मात्र एक जास्त आकसते, दुसरी कमी, आणि आज ना उद्या तडा जातोच. बाहेरून शीट मागवायची म्हटलं तर नुसतं भाडं ऐकूनच हौस फिटते. त्यापेक्षा काचवाल्याकडचे तुकडे बरे. फक्त सगळे एकाच शीटमधले मागून घ्या. टफन काच नकोच, कटर लावला की चुरा.

भट्टी इथं कोल्हापुरात उद्यमनगरात बनवून घेतली. आत फायबर बोर्ड, तापमान मोजायला के टाइप थर्मोकपल आणि टप्प्याटप्प्यानं तापमान चढवणारा-उतरवणारा पीआयडी कंट्रोलर. ॲनिलिंग, म्हणजे आतला ताण जाईल अशी काच हळूहळू निववणं, हे काय ते सांगायला मी पूर्ण तयारीनिशी गेलो होतो. भट्टीवाले मिस्त्री म्हणाले, "म्हंजे कास्टिंगचं स्ट्रेस रिलीव्हिंग की हो!" बीड (ओतीव लोखंड) ओतणाऱ्या गावात राहायचा हा फायदा.

४ एमएमच्या दोन थरांना सध्या हे शेड्यूल लावतो. ताशी १२० अंशानं ६८० पर्यंत, तिथं अर्धा तास, म्हणजे थरांमधली हवा कडेनं निघून जाते. मग ८२५ ला दहा मिनिटं. तिथून ५५० पर्यंत लवकर खाली, कारण मधल्या पट्ट्यात रेंगाळलं की पृष्ठभागावर पांढुरकी साय धरते. ५५० ला तासभर, पुढं ४०० पर्यंत ताशी ५०-६० अंशांनी, आणि मग स्विच बंद. झाकण मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच. जाडी दुप्पट केली तर निववायचा वेळ चौपट धरायचा, तिथं कंजुषी नको. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, म्हणून मी रात्री उशिरा लावतो.

काच नीट निवली का, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडायचं, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरून स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवायचा आणि काच मध्ये धरायची. ताण असेल तिथं काळ्यावर उजळ डाग उठतात. रंगीत तुकडा जोडलेला असेल तर त्याच्या भोवती कडं दिसतं. असा नग कितीही देखणा असला तरी कुणाला भेट द्यायचा नाही.

रंगाचं म्हणाल तर दोन थरांत तांब्याचा पातळ पत्रा घालतोय. आधी जितका ऑक्साइड चढलेला, त्यावर मरून ते निळसर हिरवा असं काहीही निघतं. गुजरीत पत्र्याचं भंगार वजनावर मिळालं. खाण्याचा सोडा चिमूटभर भुरभुरला की बुडबुड्यांची जाळी येते, पण ती पटकन चिल्लर वाटायला लागते.

आता वाटीचा आकार. बापट कॅम्पातल्या कुंभारांकडून पसरट मातीचे साचे भाजून घेतलेत, तळाला हवेसाठी भोक ठेवून. काच चिकटू नये म्हणून त्यावर किल्न वॉशचे चार-पाच हात दिलेत, वाळले की ७०० च्या आसपास स्लंपिंग लावणार, म्हणजे काच मऊ होऊन साच्यात बसते. फ्लोट काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात, त्या कथिलाच्या बाजूवर वाकवल्यावर धुकट थर उमटू शकतो म्हणतात. ती बाजू ओळखायला शॉर्टवेव्ह यूव्ही दिवा लागतो, नोटा तपासायच्या दिव्यावर भागत नाही. इथं कुणाकडं असला तर सांगा, शनिवारी तुकडे घेऊन येतो.