जाहिरातीची जागा

माध्यमे आणि संस्कृती या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेतला, तेव्हा जुन्या वृत्तपत्रांचा अभ्यास म्हणजे अग्रलेखांचा अभ्यास, अशीच माझी समजूत होती. पहिल्याच सत्रात आमच्या बाईंनी ‘दर्पण’च्या एका पानाची छायाप्रत समोर ठेवली आणि मजकूर वाचण्याआधी नुसते पान न्याहाळायला सांगितले. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या या पत्रात इंग्रजी आणि मराठी रकाने शेजारी शेजारी छापलेले असत. कोणता रकाना कोणासाठी, एवढेच बाईंनी विचारले. उत्तर शोधता शोधता राज्यकर्ता, इंग्रजी शिकू लागलेला तरुण आणि केवळ मराठी वाचणारा गृहस्थ असे तीन वेगळे वाचक मला त्या एका पानाभोवती दिसू लागले.

लघुप्रबंधासाठी मी ‘मूकनायक’ घेतले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते आणि संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. शीर्षभागी तुकोबांचा अभंग आहे. तो पुष्कळांना पाठ असतो, म्हणून त्यावर मी फार थांबले नाही. मी थांबले ती एका न छापल्या गेलेल्या जाहिरातीपाशी. ‘मूकनायक’ निघत असल्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. जाहिरातीचा रकाना हा वृत्तपत्रातला विकाऊ भाग. तिथे मत जुळावे लागत नाही, दर भरावा लागतो. तिथेही पैसा चालला नाही, याचा अर्थ त्या रकान्याला दरपत्रकात न लिहिलेली आणखी एक अट होती. जातिव्यवस्था छापील पानावर कशी काम करत होती, याचा इतका नेमका पुरावा मला कोणत्याही अग्रलेखात मिळाला नाही, आणि तो मिळाला तोही कोऱ्या जागेत.

तेव्हापासून मी अंकांच्या प्रतींवर पट्टी ठेवून रकाने मोजते आहे. जाहिराती किती, वाचकांची पत्रे किती, स्फुटे किती, अशी तक्ते भरण्याची ही कामे कंटाळवाणी वाटू शकतात, पण मला ती मनापासून आवडतात. ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेल्या, बाबासाहेबांनीच संपादित केलेल्या ‘बहिष्कृत भारत’ या पत्राचे चोवीस-चोवीस रकाने संपादकालाच लिहून काढावे लागत, हे त्यांचे वाक्य मी पूर्वीही वाचले होते. संकलित खंडांत तेच लेखन सलग मजकूर म्हणून येते आणि रकाना नाहीसा होतो. आता एका अंकाचे रकाने स्वतः मोजताना मी चोविसाव्यापर्यंत पोहोचते, तेव्हा हे सारे एकाच माणसाने, वकिली आणि अध्यापन सांभाळून, पुढच्या अंकाच्या तारखेआधी लिहिले असणार, हे ध्यानात येऊन माझी पट्टी थांबते.