दांडपट्टा, नोंद नववी : लिंबू चिरलं, पण एकाच हाताला

आधी आनंदाची बातमी. गुरुवारी संध्याकाळी सव्वासातला, तालमीत, चार माणसांसमोर माझ्या हातून दांडपट्ट्याने लिंबू चिरलं गेलं. उडालं नाही, चेचलं नाही, लोळलं नाही. खालची फोड विटेवर तशीच बसून राहिली आणि वरची शेजारी पडली. वस्तादांनी फोड उचलून उजेडाकडे धरली, काप बघितला आणि खिशात टाकली. कौतुक एवढंच. मी मात्र घरी जाताना रंकाळ्याला उगीच एक चक्कर जास्त मारली.

आता रडगाणं. हे झालं उलट हाताला, म्हणजे डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या वाराला. सुलट हाताची बोंब मागच्या नोंदीत होती तिथंच आहे. उजवीकडून डावीकडे मारलं की लिंबू पळतं. गेल्या महिन्यात एक लिंबू थेट हनुमानाच्या फोटोला जाऊन लागलं, तेव्हा वस्ताद म्हणाले, "आरं, कापालाईस का पळवालाईस?"

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एकदाच सांगतो. पट्ट्यात मनगट कोंडलेलं असतं. खोबळ्यात, म्हणजे हात झाकणाऱ्या पोकळ आवरणात, हात घातला की आतली आडवी मूठ पकडायची, कोपराच्या अलीकडे कडी बसते आणि पातं हाताच्या सरळ रेषेत पुढं येतं. तलवार मनगटावर खेळते, पट्टा खांद्यावर आणि कमरेवर. हे मी स्वतः दुसऱ्या नोंदीत ऐटीत लिहिलं होतं. लिहिणं सोपं असतं. अडीच वर्षं लाठी फिरवल्यावर हात ते ऐकत नाही. लाठीत फेर संपता संपता मनगट वळतं आणि परतीचा फेर आपोआप सुरू होतो. पट्ट्यात वळायला मनगट मोकळं नसतं, तर ती वळायची खोड वर सरकते आणि कोपरापासून अख्खा हात पिळला जातो. पातं लिंबापाशी पोचेपर्यंत धार खाली झुकलेली असते आणि लागतो तो पात्याचा सपाट भाग. म्हणजे मी लिंबाला थप्पड मारतोय.

हे निदान आज दोन ओळींत लिहिलं. पोचायला अकरा आठवडे लागले.

पहिले चार आठवडे मी दोष पट्ट्याला दिला. त्यात थोडं तथ्यही होतं. माझा पहिला पट्टा ऑनलाइन मागवलेला. खोबळ्यावर पितळी मुलामा, वाघाचं तोंड, पातं जाड आणि ताठ. भिंतीवर शोभतो, हातात नाही. पातं जरा वाकलं की वाकूनच राहतं. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी एवढंच बघावं: टोक धरून पातं हळूच वाकवा आणि सोडा. सरळ झालं नाही तर पैसे परत मागा. (मला मिळाले नाहीत.) दुसरा इथल्या एका लोहाराकडून करून घेतला. साडेतीन फुटांचं लवचीक पातं, कडा बोथट, खोबळा साध्या पत्र्याचा, दिसायला डालड्याचा डबा. पण माझ्या हाताचं माप घेऊन केलेला. आतून जुन्या घोंगडीचा तुकडा चिकटवला, तेव्हापासून कोपराजवळची सालपटं थांबली. फोमपेक्षा घोंगडी कधीही बरी. फोम घामाने सरकतो.

पुढचे तीन आठवडे दोष लिंबांना दिला. उन्हाळ्यात दहा रुपयाला एक लिंबू, आणि ते पळालं की पुरावा घेऊन पळतं. धार लागली, कड लागली की पोट लागलं, काहीच कळत नाही. शिवाय धार लावलेला पट्टा वस्तादांच्या समोरच हातात घ्यायचा हा तालमीचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. म्हणजे लिंबू फक्त गुरुवारी. आठवड्याला सहा वार मिळणार, तेवढ्यात काय कळणार?

मग घरात शाडू सापडली, गणपतीच्या वेळी मुलीने आणून अर्धवट टाकलेली. भिजवून लिंबाएवढे गोळे केले, गच्चीवर स्टुलावर वीट, विटेवर गोळा, हातात बोथट पट्टा. शाडू पळत नाही आणि जखम जपून ठेवते. उलट हाताची खाच सरळ, चाकूने केल्यासारखी. सुलट हाताला गोळ्याचा एक गालच चपटा. पहिल्या संध्याकाळी असे पंधरा चपटे गाल रांगेने कठड्यावर मांडले, तेव्हा कुठं मान्य केलं की पट्टा आणि लिंबू दोघंही निर्दोष आहेत.

नेमकं कुठं बिघडतं ते बघायला पात्याच्या वरच्या अंगाला लाल आणि खालच्या अंगाला पिवळी इन्सुलेशन टेप लावली. फोन डावीकडे बारा फुटांवर, गोळ्याच्या उंचीला, स्लो मोशनवर. वार फोनच्या दिशेने येतो, त्यामुळे धार सरळ असेल तर पातं बारीक रेघेसारखं दिसलं पाहिजे. रंग दिसला की पातं कललं. सुरुवातीला रेघ, मध्यापर्यंत रेघ, आणि शेवटच्या हातभर अंतरात लालभडक. प्रत्येक वेळी, त्याच जागी.

आवाजानेही कळतं, हे वस्ताद पहिल्यापासून सांगत होते. धार सरळ असली तर वारा बारीक "सूंऽ" करून फाटतो, कलली तर "भर्रर्र". व्हिडिओ बघून मग आवाज ऐकला तेव्हा ते खरं निघालं. सत्तरी गाठलेला माणूस माझ्याकडे पाठ करून, चहा पीत, "कललं" म्हणायचा. मी मनात म्हणायचो, काय थापा मारतात.

आणखी एक चूक याच भरात सापडली. मी टोकाने मारायला जात होतो. टोक सगळ्यात लवचीक, ते मागं रेंगाळतं. पाव पाऊल पुढं सरून दीड वीत आतल्या भागाने मारलं आणि उलट हात लगेच जमला. गुरुवारचं लिंबू या पाव पावलाचं आहे.

या सगळ्यात जुलै फार वाईट गेला. बाकीची मंडळी पन्हाळा ते पावनखिंड चालायला गेली, मी गुडघ्याचं कारण सांगून घरी बसलो. खरं कारण लिंबू. सोडूनच द्यावं असं वाटत होतं. त्रेचाळिसाव्या वर्षी, हिशेबनिशी करणाऱ्या माणसाला पट्ट्याची गरज काय? प्रतापगडाखाली 1659 मध्ये सय्यद बंडाच्या हाती पट्टा होता आणि जिवा महालांनी तो हातच उडवला, हे शाळेपासून ऐकतोय. माझ्यावर कोण चालून येणार आहे, जीएसटीवाला?

तालमीत एक वही आहे. पहिल्या दिवशी नाव, वय, रक्तगट आणि "कशासाठी" असा रकाना भरून घेतात. मी परत गेलो त्या दिवशी वस्तादांनी काही न बोलता माझं पान उघडून दिलं. माझ्या अक्षरात लिहिलेलं: "पोट कमी करणे." पोट जिथल्या तिथं आहे. मग मागची पानं चाळली. "स्वसंरक्षण" खूप जणांचं. "शिवजयंतीच्या मिरवणुकीत खेळायचे आहे." "रागावर ताबा." एका आईने मुलासाठी लिहिलेलं, "मोबाइल सुटावा." 2024 च्या शिवजयंतीला दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, त्यानंतरची चार पानं बहुतेक अभिमान, अभिमान, अभिमान. त्या चार पानांतले आज दोघं येतात. एक दहावीतली पोरगी, जिला बनेटीत (दोन्ही टोकांना गोळे असलेली काठी फिरवण्यात) डावा हात उजव्यासारखा चालत नाही म्हणून झोप येत नाही. दुसरे रिक्षावाले काका. त्यांच्या रकान्यात "टाइमपास" लिहिलंय आणि ते विट्याची (दोरी बांधलेल्या फेकायच्या भाल्याची) दोरी मनगटाला किती वेढे घ्यावी यावर पाऊण तास वाद घालू शकतात. परवा घातला. मीच ऐकला.

मी वस्तादांना विचारलं, रकाना परत भरू का? म्हणाले, "जागा कुठाय? पुढच्याचं नाव आलंय खाली."

असो. सुलट हातासाठी ठरलेला कार्यक्रम असा होता: रोज शंभर वार, हळू, गोळा न ठेवता, नुसता आवाज ऐकत. पवित्रा तोच, डावा पाय पुढं. पुढच्या गुरुवारपर्यंत सातशे. त्यानंतर लिंबू.

पण हे लिहिता लिहिता वाटायला लागलंय की हे चुकतंय. मी रोज सकाळी अर्धा तास लाठी फिरवतो आणि संध्याकाळी पट्टा. म्हणजे सकाळी खोड पक्की करायची आणि संध्याकाळी मोडायची. लाठी बंद करायला जीव होत नाही. सिंधुदुर्गातून आणलेल्या भरीव माणगा बांबूची आहे, दोन वर्षं तेल पाजलंय. मग लाठीतूनच मनगट काढून घेतलं तर? चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, आत आडवी मूठ, पुढं लाठीचा तीन फुटी जुना तुकडा घट्ट बांधलेला. खोबळाच, पण बिनधोक, घरात फिरवता येईल असा. लाकूड लवचत नाही, त्यामुळे टोक रेंगाळण्याची भानगड नाही. नुसता पीळ कळेल. तुकड्याची एक बाजू रंध्याने सपाट केली तर धार कुठं आहे तेही दिसेल. पोरांना सुरुवातीला शिकवायलाही हे बरं पडेल, दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पत्र्याचा खोबळा राहत नाही.

म्हणजे सातशे वारांचा बेत रद्द. आधी हे. वजनाचं बघावं लागेल, माझा पट्टा किलोच्या थोडा वर आहे आणि पाइप फारच हलका. आत वाळूची पिशवी बांधावी का? पण मग तोल कोपराकडे जाईल. कुणी असलं काही करून बघितलं असेल तर मूठ कशी बसवली ते सांगा. नटबोल्ट बोटांना लागतो आणि डिंकावर माझा विश्वास नाही.

पाइप मघाशीच कापून ठेवलाय. कडा धारदार आहेत, घासाव्या लागतील. पॉलिश पेपर घरात होता, आता सापडत नाहीये.